स्वस्तातले पिस्तूल, महागात पडणारी हौस

पूर्णा प्रकल्पाच्या पाण्यावर पोसलेला वसमत तालुका हा हळद, ऊस आणि सोयाबीनचा तालुका. त्यातील हट्टा हे गाव जिल्ह्याच्या नकाशावर ठळक दिसते ते तेथील पोलीस ठाण्यामुळे. अशा गावातील एखाद्या तरुणाच्या हाती हळदीच्या हंगामाचे चार पैसे आलेले आहेत, पॅरिसच्या ऑलिम्पिकपासून त्याच्या मनात नेमबाजीने घर केलेले आहे, आणि नेमक्या अशा वेळी त्याला कोणीतरी सांगतो, "एक वापरलेले पिस्तूल आहे. फार पैसे नाहीत. घेऊन टाक, शेतात सराव कर." हा प्रसंग कल्पित आहे, पण मराठवाड्यातील कोणत्याही वाचकाला तो अशक्य वाटणार नाही. घ्यावे की न घ्यावे, असा तरुणाचा साधा प्रश्न आहे. त्याचे साधे उत्तर 'घेऊ नये' असे आहे. परंतु उत्तर देऊन मोकळे होता येईल इतका हा प्रश्न सरळ नाही. या तरुणाची हौस खोटी नाही. ती ज्या बाजारात नेऊन उभी करण्यात आली आहे तो बाजार खोटा आहे. आणि तो बाजार फोफावला यात चोरट्या विक्रेत्यांइतकाच शासनाचा आणि समाजातील शहाण्यांचाही वाटा आहे.

प्रथम 'स्वस्त' या शब्दाचा समाचार घेतला पाहिजे. भारतात कायदेशीर मार्गाने स्वस्त पिस्तूल मिळत नाही, हे सूर्यप्रकाशाइतके स्वच्छ आहे. सामान्य नागरिकाला परवान्यावर जे मिळते ते ०.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल. ९ मिलिमीटरचे शस्त्र हे निषिद्ध बोअरमध्ये मोडते आणि ते सैन्य-पोलिसांसाठी राखून ठेवलेले आहे. आयुध निर्माणीने २०१४ साली महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचे हलके रिव्हॉल्व्हर बाजारात आणले, तेव्हाच त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. विदेशी शस्त्रांची गोष्ट आणखी निराळी. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला विदेशी पिस्तूल मागविण्याची वाट बंद झाली. त्यामुळे त्याआधी देशात आलेली जुनी वेब्ली, वॉल्थर, ब्राउनिंग यांसारखी शस्त्रे जशी जुनी होत गेली तशी त्यांची किंमत घटण्याऐवजी वाढतच गेली. इतर सर्व वस्तू वापरल्या की उतरतात, परवान्याचे विदेशी पिस्तूल मात्र वापरले की चढते! असा बाजार ज्या देशात आहे, तेथे कोणी मोटारसायकलच्या भावात पिस्तूल देऊ करीत असेल, तर ते पिस्तूल कोठून आले हे विचारण्याचीही आवश्यकता उरत नाही. ते एक तर चोरीचे आहे किंवा गावठी आहे.

गावठी कट्ट्यांचा मार्ग महाराष्ट्राच्या पोलिसांना अपरिचित नाही. मध्य प्रदेशाच्या बडवानी जिल्ह्यातील उमर्टी हे जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून असलेले गाव वर्षानुवर्षे याच कारणासाठी वर्तमानपत्रांत येत राहिले आहे. तेथील भट्टीत घडलेला कट्टा पुण्यापर्यंत पोहोचतो, तर तो हिंगोलीपर्यंत का पोहोचू नये? आणि ज्यांच्या हातून तो येतो ते दलाल 'हौशी नेमबाज' आणि 'भाडोत्री मारेकरी' असा भेद करीत नसतात. एकाच थैलीतून दोघांनाही माल मिळतो. तरुणाने दिलेले पैसे ज्या हातात जातात, तेच हात उद्या त्याच्याच गावातील सरपंचावर, व्यापाऱ्यावर किंवा कार्यकर्त्यावर रोखल्या जाणाऱ्या शस्त्राची सोय करणार आहेत. हौसेच्या खरेदीचा हा दुसरा अर्थ त्याला कोणी सांगत नाही.

कायदा काय म्हणतो

१९५९ च्या शस्त्र अधिनियमाला २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिने शिक्षा कठोर केल्या. विनापरवाना अग्निशस्त्र जवळ बाळगणाऱ्याला पूर्वी किमान एक वर्षाचा कारावास होता. आता तो किमान दोन आणि कमाल पाच वर्षांचा आहे, शिवाय दंड. शस्त्र निषिद्ध प्रकारातील निघाले तर किमान सात आणि कमाल चौदा वर्षे. 'साहेब, मी फक्त बाटल्या फोडत होतो' हा बचाव या कलमांपुढे टिकत नाही. शस्त्र ताब्यात सापडले की गुन्हा घडला. त्याने काय केले हा पुढचा प्रश्न. याच दुरुस्तीने लग्नात, हळदीत, मिरवणुकीत आनंदाच्या भरात केला जाणारा, इतरांच्या जिवाला धोका उत्पन्न करणारा गोळीबार हादेखील स्वतंत्र गुन्हा ठरविला आहे. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही. एका माणसाने बाळगावयाच्या शस्त्रांची संख्याही तीनवरून दोनवर आणली गेली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली.

वापरलेले शस्त्र विकत घेणे मुळीच बेकायदा आहे असे मात्र नाही, आणि येथेच अनेकांची फसगत होते. परवानाधारकाला आपले शस्त्र दुसऱ्या परवानाधारकास विकता येते. त्यासाठी त्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावे लागते, घेणाऱ्याचे नाव-पत्ता द्यावा लागतो, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावे लागते. घेणाऱ्याजवळ त्या शस्त्राचा परवाना आधीच असावा लागतो. हट्ट्याच्या माणसासाठी याचा अर्थ असा की, हिंगोलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज, पोलिसांचा चौकशी अहवाल, २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार शस्त्र-सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, मग राष्ट्रीय नोंदणीतला विशिष्ट क्रमांक, आणि मग खरेदी. हा क्रम उलटा होऊ शकत नाही. 'आधी माल घे, कागद नंतर करू' असे जो म्हणतो तो विक्रेता नसून तुरुंगाचा वाटाड्या आहे.

आणखी एक प्रकार खेड्यांत आढळतो. आजोबांच्या नावावरील परवान्याचे जुने रिव्हॉल्व्हर असते. आजोबा जातात, परवाना त्यांच्याबरोबर संपतो, शस्त्र मात्र कपाटात कापडात गुंडाळून राहते. घरातील कोणाला वाटते की ते आता घरचेच आहे. वस्तुतः परवानाधारकाच्या मृत्यूनंतर ते शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणे वारसांवर बंधनकारक आहे. त्यानंतर वारसाने स्वतःचा परवाना मिळविला तर ते त्याला मिळू शकते, किंवा ते रीतसर विकताही येते. तसे न करता नातेवाइकाला 'अल्प किमतीत' दिलेले शस्त्र हे देणारा आणि घेणारा अशा दोघांनाही आरोपीच्या पिंजऱ्यात नेते. आजोबांनी आयुष्यभर कायदा पाळला, आणि त्यांच्याच शस्त्रावरून नातवाच्या हातात बेड्या पडल्या, असे घडू नये एवढे तरी घरच्यांनी पाहावे.

त्या पिस्तुलाने नेम शिकता येतो काय?

कायद्याचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू या. समजा, शस्त्र परवान्याचे आहे आणि व्यवहारही चोख आहे. तरीही नेमबाजी शिकण्यासाठी ते उपयोगाचे आहे काय? येथे उत्तर अधिकच स्पष्ट आहे, आणि ते कोणत्याही नैतिक उपदेशापेक्षा तरुणाला अधिक पटेल.

भारतीय बनावटीच्या ०.३२ रिव्हॉल्व्हरची नळी सुमारे तीन इंचांची असते. ते अंगरख्याखाली बाळगण्यासाठी, दहा-पाच पावलांवरून अंगावर आलेल्या हल्लेखोराला रोखण्यासाठी घडविलेले आहे. पुढचा आणि मागचा लक्ष्यकाटा यांतील अंतर जितके कमी, तितकी हाताची बारीकशी थरथर लक्ष्यावर मोठी होऊन उमटते. चाप जड असतो. तो ओढताना नळी हलते. स्पर्धेच्या पिस्तुलाचे गणितच वेगळे. दहा मीटर एअर पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅम वजनाला सुटावा, पंचवीस मीटर पिस्तुलाचा किमान १००० ग्रॅमला, असे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. खेळाडू त्या मर्यादेच्या जितके जवळ जाता येईल तितके जातो. मूठ हाताच्या ठेवणीप्रमाणे लाकडातून कोरून घेतलेली असते. लक्ष्यकाटे स्क्रूने केसभर सरकविता येतात. एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे हरभऱ्याच्या टपोऱ्या दाण्याएवढे. त्या दाण्यावर एका सामन्यात साठ वेळा नेम धरावयाचा असतो. तेथे जुन्या, झिजलेल्या, कोणाकोणाच्या हातून गेलेल्या रिव्हॉल्व्हरचे काय काम?

जुन्या शस्त्रात झीज कोठे होते हेही पाहण्यासारखे आहे. नळीच्या आतील पेच, ज्यांमुळे गोळीला फिरकी मिळते आणि ती सरळ जाते, ते गंजाने किंवा वापराने पुसट झाले की गोळी भरकटते. चापाच्या आतील खाच घासली गेली की शस्त्र कधी नको तेव्हा सुटते. चक्राची खोबणी नळीशी तंतोतंत जुळली नाही तर गोळीचा चुरा बाजूने उडतो. हे पाहण्यासाठी जाणकार शस्त्रदुरुस्त्या लागतो, आणि तोही परवानाधारकच असावा लागतो. गावठी कट्ट्यात तर नळी म्हणून पाण्याची पाइपही चालते. आत पेच नसतातच, आणि स्फोटाचा दाब सहन करण्याची धातूची परीक्षा कोणी केलेली नसते. असा कट्टा चालविणाऱ्याच्याच हातात फुटतो, हे अनेकदा घडलेले आहे. ज्याला नेम शिकावयाचा आहे त्याने बोटे शाबूत ठेवणे इष्ट.

काडतुसांचा हिशेब त्याहूनही बोलका आहे. स्वसंरक्षणाच्या परवान्यावर वर्षाला किती काडतुसे घेता येतील याची मर्यादा नोंदलेली असते आणि वापरलेल्या प्रत्येक काडतुसाचे उत्तर द्यावे लागते. खरा नेमबाज तेवढी काडतुसे चार दिवसांच्या सरावात संपवील. उरलेले वर्ष तो काय करणार? शस्त्राला तेल लावणार आणि मित्रांना दाखविणार.

राहिला शेताचा विषय. 'शेतात सराव कर' हा सल्ला देणाऱ्याने गोळी कोठवर जाते याचा विचार केलेला नसतो. ०.२२ ची इवलीशी गोळीदेखील अडविणारे काही नसेल तर किलोमीटरच्या पुढे जाते. हळदीच्या रानात निंदणीला बसलेल्या बायका, उसात पाणी धरणारा गडी, बांधावरची गुरे यांच्यामधून ती वाट काढीत असते. रानडुकरांचा आणि रोह्यांचा उपद्रव हिंगोलीच्या शेतकऱ्याला खरोखरच आहे; त्यासाठी पीकसंरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीची तरतूद कायद्यातच आहे, आणि वन्यजीव मारण्यासाठी १९७२ च्या कायद्यान्वये वेगळी परवानगी लागते. हातातल्या छोट्या पिस्तुलाने डुक्कर मरत नाही, फक्त चवताळते.

पौरुषाचे प्रदर्शन

आता स्वकीयांशीच बोलावयास हवे. हिंदू समाजात विजयादशमीला शस्त्रपूजन होते, खंडेनवमीला नांगरापासून तलवारीपर्यंत सर्व आयुधे पुजली जातात. हट्ट्यापासून नांदेड दूर नाही. तेथे १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला आणि त्यांच्या तख्तावर आजही शस्त्रांची पूजा होते. निःशस्त्र समाजावर काय वेळ येते हे मराठवाड्याला कोणी शिकविण्याची आवश्यकता नाही. हट्टा हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कासीम रझवीच्या रझाकारांच्या काळात सीमेपलीकडे छावण्या उभाराव्या लागल्या, त्या कशासाठी हे त्या पिढीने अनुभवले आहे. तेव्हा शस्त्राविषयी अनादर बाळगण्याचे या मातीला कारण नाही.

नेमके म्हणूनच आज चाललेल्या शस्त्राच्या विटंबनेविरुद्ध याच परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी सर्वांत आधी उभे राहावयास हवे. वाढदिवसाचा केक तलवारीने कापावयाचा, कमरेला पिस्तूल खोचून छायाचित्र काढावयाचे, हळदीच्या रात्री हवेत गोळ्या झाडावयाच्या, आणि वर त्याला 'क्षात्रतेज' म्हणावयाचे! ज्या शस्त्राची वर्षातून एकदा पूजा करावयाची ते उरलेले दिवस मिरविण्याची वस्तू कसे होते? पूजेत शस्त्र देवापुढे ठेवले जाते आणि मिरवण्यात माणूस स्वतःलाच देवाच्या जागी बसवितो.

काहीजण क्रांतिकारकांचे दाखले देतात. १९०९ साली स्वातंत्र्यवीर सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्यामार्फत वीस ब्राउनिंग पिस्तुले पाठविली, आणि त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. त्या पिस्तुलांची किंमत कोणी चुकविली? कान्हेरे फासावर गेले, सावरकरांना अंदमान झाले. ज्यांनी परकीय सत्तेविरुद्ध पिस्तूल घेतले त्यांनी त्याच्या शेवटाची पूर्ण जाणीव ठेवून ते घेतले. स्वतंत्र देशातील तरुणाने हौसेच्या कट्ट्यासाठी त्यांची नावे उच्चारणे हा त्या बलिदानाचा अवमान आहे. आणि स्वराज्यातील कायदा हा जॅक्सनचा कायदा नव्हे.

शस्त्राची धुंदी समाजाला कोठे नेते, याचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची निर्घृण हत्या झाली. त्यानंतर त्या जिल्ह्यातील शस्त्र परवान्यांचा विषय चव्हाट्यावर आला. एकट्या बीडमध्ये बाराशेहून अधिक परवाने असल्याचे उघड झाले, गुन्हे दाखल असलेल्यांकडेही परवाने असल्याचे आढळले, कमरेला पिस्तूल लावून केलेल्या चित्रफिती गावोगाव फिरत असल्याचे लोकांनी पाहिले, आणि मग प्रशासनाने अनेक परवाने रद्द केले. जे काम आधी व्हावयास हवे होते ते एका सरपंचाचा जीव गेल्यावर झाले. राजकीय वजनावर परवाना मिळतो, आणि तो मिळाला की वजन आणखी वाढते, हे दुष्टचक्र सर्वपक्षीय आहे. त्यात कोणत्याही पक्षाला सोवळे होता येणार नाही. हिंगोली हा बीडच्या वाटेने जाऊ नये असे वाटत असेल तर त्याचा आरंभ गावातल्या तरुणाच्या खरेदीपासूनच करावा लागेल.

शासनाचा जुना संशय

परंतु एवढे बोलून थांबणे हा त्या तरुणावर अन्याय होईल. 'पिस्तूल घेऊ नको' असे त्याला सांगणारे पुष्कळ आहेत. 'मग नेमबाजी कोठे शिकू' या त्याच्या प्रश्नाला मात्र कोणाकडे उत्तर नाही. शस्त्राचे नाव काढताच नाक मुरडणारी एक विचारवंत मंडळी आहे. त्यांच्या लेखी नेमबाजी हा हिंसेचाच एक प्रकार. आश्चर्य असे की, ऑलिम्पिकचे पदक आले की सत्काराच्या मंचावर पहिल्या रांगेत हीच मंडळी दिसतात.

या देशातील सामान्य माणसावरचा संशय हा इंग्रजांचा वारसा आहे. १८५७ च्या धसक्यानंतर, लॉर्ड लिटनच्या काळात, १८७८ चा शस्त्र कायदा आला आणि संपूर्ण समाजाच्या हातून शस्त्र काढून घेण्यात आले. स्वातंत्र्याच्या चळवळीत या कायद्याचा निषेध केवळ क्रांतिकारकांनी केला असे नाही. गांधीजींनीही १९१८ साली त्याच्यावर कठोर टीका केली, आणि १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून, शस्त्र बाळगण्याचा हक्कही समाविष्ट होता. ही गोष्ट आजच्या काँग्रेसजनांना आठवत नाही. १९५९ चा कायदा आला तेव्हा तो १८७८ च्या कायद्याहून उदार असावा अशी अपेक्षा होती, आणि काही अंशी तो तसा होताही. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला लक्ष्यसरावासाठी ०.२२ रायफल किंवा एअर रायफल हवी असेल तर एरवी अपात्र नसलेल्या अशा अर्जदाराला परवाना द्यावा असेच कलम १३ सांगते. गंमत अशी की त्या कलमात 'पिस्तूल' हा शब्द नाही. म्हणजे नेमबाजीसाठी पिस्तूल मागणाऱ्याला आपल्याकडे 'सबळ कारण' आहे हे अधिकाऱ्याला पटवून द्यावे लागते. आणि ज्या जिल्ह्यात नागरिकांसाठी नेमबाजीचे केंद्रच हाताशी नाही, तेथे ते कारण पटवून द्यावे तरी कसे? विहिरीला पाणी नाही म्हणून पोहणे शिकू नका, आणि पोहता येत नाही म्हणून विहीर खणू नका, असा हा न्याय आहे.

खेळ म्हणून नेमबाजी या देशात रुजविली ती एका मराठी माणसाने, हे महाराष्ट्रातही फार थोड्यांना ठाऊक असते. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या पुढाकाराने १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल असोसिएशनची स्थापना झाली. अहमदाबादेत वाढलेला, वकिली केलेला, सत्याग्रहात तुरुंगवास भोगलेला हा सौम्य गृहस्थ नव्या राष्ट्राच्या तरुणांना नेम धरावयास शिकविले पाहिजे असे म्हणतो, यात कोणाला विसंगती वाटू नये. त्यांच्याच नावाची स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेची पायरी म्हणून खेळली जाते. त्याआधी, १९३७ साली, डॉ. बा. शि. मुंजे यांनी नाशिकला भोसला सैनिकी विद्यालय उभारले ते याच विचाराने: शस्त्र हातात देण्याआधी अनुशासन हाती द्यावे.

महाराष्ट्राने त्याचे फळ पाहिले आहे. अंजली भागवत यांचा बंदुकीशी पहिला परिचय मुंबईच्या महाविद्यालयातील राष्ट्रीय छात्रसेनेत झाला. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या. पिस्तुलाच्याच गोष्टीवर यावयाचे तर कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनी २०१३ साली चांगवनच्या विश्वचषकात २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळविले आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतही सुवर्ण आणले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळविणारी ती पहिली भारतीय महिला. आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल तीन स्थिती प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूने मिळविलेले हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, तब्बल ७२ वर्षांनी. स्वप्नील हा शिक्षकाचा मुलगा, पदक जिंकले तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता. तो शेतात बाटल्या फोडून शिकलेला नाही. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकलेला आहे. संस्था असली की खेड्यातला मुलगा ऑलिम्पिकपर्यंत जातो.

प्रश्न असा की कोल्हापूर, पुणे, मुंबई, नाशिक यांच्या पलीकडे ही संस्था का पोहोचत नाही? बालेवाडीचे नेमबाजी संकुल १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी उभे राहिले. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनचे केंद्र आहे. हट्ट्याच्या मुलाने सकाळच्या सरावासाठी तेथे जावे काय? हिंगोलीत राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक १२ आहे. इंग्रजांच्या काळात येथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. शस्त्र आणि शिस्त यांची या गावाला दीडशे-दोनशे वर्षांची ओळख आहे. निवृत्त जवान आणि निवृत्त पोलीस तालुक्या-तालुक्यांत आहेत, ज्यांना बंदूक कशी धरावी याहीपेक्षा ती कशी खाली ठेवावी हे उत्तम कळते. त्यांना प्रशिक्षक म्हणून बोलावण्याची कल्पना एकाही अधिकाऱ्याला सुचू नये?

बाहेरच्या जगाकडे पाहिले तर दोन्ही टोके दिसतात. ब्रिटनने १९९६ च्या डनब्लेन हत्याकांडानंतर छोटी शस्त्रे जवळजवळ सरसकट बंद केली. परिणामी त्यांच्या पिस्तूल नेमबाजांना सरावासाठी परदेशी जावे लागले. स्वित्झर्लंडमध्ये गावोगाव नेमबाजीच्या जत्रा भरतात आणि त्यामागे लष्करी शिस्तीची दीर्घ परंपरा उभी असते. आपल्याच देशात कोडगूच्या कोडवांना परवान्यापासून सूट आहे, ती इंग्रजांच्या काळापासून आजतागायत चालत आलेली आहे. सूट तेथे टिकली, कारण समाजाने ती सांभाळली. मराठवाड्यासाठी अशी सूट मागण्याचा प्रश्न नाही. मागावयाचे आहे ते शिकण्याचे ठिकाण.

आणि ते स्वस्तही आहे. ०.१७७ बोअरच्या, २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या हवेच्या शस्त्राला २०१६ च्या नियमांनुसार परवाना लागत नाही. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा देऊन ते नोंदणीकृत विक्रेत्याकडून घेता येते. मनू भाकरने पॅरिसला दोन कांस्यपदके मिळविली ती याच दहा मीटर एअर पिस्तूल प्रकारात. आंतरराष्ट्रीय दर्जाचे पिस्तूल लाखाच्या पुढे जाते हे खरे, पण पहिली दोन वर्षे त्याची आवश्यकता नसते. साध्या एअर पिस्तुलावर उभे राहणे, श्वास रोखणे, चाप न झटकता दाबणे या गोष्टी शिकता येतात, आणि नेमबाजी म्हणजे बहुतांशी याच गोष्टी. तेव्हा त्या तरुणाने जुन्या पिस्तुलासाठी काढलेले पैसे खिशात ठेवावेत. गावातील चार मुलांनी मिळून एक एअर पिस्तूल घ्यावे, निवृत्त जवानाला गुरू करावे, आणि ते कोणाच्या घरी न ठेवता कुलपाच्या पेटीत ठेवावे. त्यानंतर एखाद्या मान्यताप्राप्त क्लबचे सदस्यत्व, जिल्हा स्पर्धा, मावळंकर स्पर्धा, आणि गुण तसे पडले तर ०.२२ पिस्तुलासाठीचा परवान्याचा अर्ज. तेव्हा त्या अर्जासोबत 'सबळ कारण' म्हणून गुणपत्रक जोडता येईल.

शासनाने करावयाचे तेही फार मोठे नाही. दहा मीटरची मोकळी जागा नाही अशी शाळा हिंगोली जिल्ह्यात शोधूनच काढावी लागेल. १ मीटर ४० सेंटिमीटर उंचीवर लावलेले कागदी लक्ष्य, त्यामागे छर्रे अडविणारी लोखंडी पेटी, एक भक्कम भिंत आणि नोंदवही: एवढ्यावर तालुक्याचे केंद्र सुरू होते. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून कमानी आणि सभामंडप उभे राहत असतील, तर हेही उभे राहील. त्याची मागणी करणारा अर्ज जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याच्या टेबलावर जावयास हवा, आणि तो हट्ट्याच्या ग्रामसभेच्या ठरावासह गेला तर लोकप्रतिनिधींना त्यावर उत्तर द्यावे लागेल.